आतली कडी

मंगळवार, दुपार
दुकानातून

प्रिय ठकू,

चिऊला सुट्टीत पंधरा दिवस आमच्याकडे पाठवतेस असं तू लिहिलंस, ते पत्र मी अजून पर्समध्ये घेऊन फिरते. अकरा वर्षांची नात आणि तिने आजीच्या घरी एक रात्र काढलेली नाही, हे कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. तू तिला घेऊन येतेस ती सकाळच्या गाडीने आणि जातेस दुपारच्या गाडीने. मध्ये जेवण, बाबांपाशी दहा मिनिटं बसणं आणि तुझं ते सारखं घड्याळाकडे बघणं. मी लोकांना सांगते, प्रयोगशाळेत काम असतं हो तिला, रजा मिळत नाही. लोकही मान डोलावतात. त्यामुळे तुझं पत्र वाचून मी काय केलं असेल? यंत्रावर गिऱ्हाइकाची किल्ली लावलेली होती, ती तशीच सोडून मी दुकानाबाहेर आले आणि समोरच्या चष्मेवाल्याला ओरडून सांगितलं की माझी नात येणार आहे. किल्लीचे दात साफ गेले. गिऱ्हाईक भलं होतं, हसलं आणि थांबलं.

त्या पत्राच्या शेवटी तू एक ओळ लिहिली होतीस, बाकीच्या मजकुरापेक्षा बारीक अक्षरात. हल्ली आपल्याकडे राहायला कोणी असतं का? मी उलट टपाली कळवलं की बाबांना झटका आल्यापासून सगळं बंद आहे, पाहुण्यांची खोली रिकामी आहे, तू निर्धास्त राहा. लिहिलं तेव्हा ते खरं होतं. नऊ दिवसांनी ते खोटं झालं आणि मी तुला कळवलं नाही. आज कळवते आहे. हे पत्र वाचून होईपर्यंत चिऊची बॅग भरू नकोस.

आधी बाबांचं सांगते. तुला यातलं बरंचसं माहीत आहे, तरी सांगते, कारण इतकी वर्षं तू त्यांच्यावर रागावून राहिलीस आणि मी तुला रागावू दिलं. ते मला सोयीचं होतं. तू जन्मायच्या आधीच्या हिवाळ्यात एकदा पहाटे कोणीतरी आपलं दार ठोठावलं. कुलपं दुरुस्त करणाऱ्याचं घर ते, मग काय विचारतेस! वर कडी, खाली कडी, मध्ये साखळी आणि शिवाय बाबांनी स्वतः बनवलेलं कुलूप. झोपेत चाचपडत एकेक काढून दार उघडेपर्यंत बाहेर कोणी नव्हतं. उजाडल्यावर तो माणूस पाण्याच्या टाकीपाशी सापडला, गारठून मेलेला, अंगात नुसता पातळ सदरा. बाबा त्या दिवशी दुकानात गेले नाहीत. पेचकस घेऊन त्यांनी घरातली एकूण एक कडी उतरवली. बाहेरच्या दाराची तर काढलीच, आणि त्याच भरात आतल्या दारांच्याही काढल्या. भोकांत लांबीचा लगदा भरला, वरून रंगाचा हात मारला आणि म्हणाले, या घराच्या दाराशी आता कोणाला थांबावं लागणार नाही. मी तेव्हा नवी नवरी होते. मला नवऱ्याचा इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही. अजूनही वाटतो आणि माझं दुखणंही तेच आहे.

बाहेरच्या दाराचं ठीक, पण आतल्या दारांच्या कड्या का काढल्या, हे मी विचारलं नाही. न्हाणीघराच्या दारालाही कडी नव्हती, म्हणून आत कोणी आहे हे कळावं यासाठी आंघोळ करताना गाणं म्हणायचं असा आपल्या घरात रिवाज पडला. माझा आवाज कसा आहे ते तू जाणतेस, पाहुणे अंगणातूनच परत फिरायचे. चर्चच्या मंडळीत सगळे हसायचे आपल्याला. गावभर कुलपं विकतो आणि स्वतःच्या घराला साधी कडी नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बाबांना त्या हसण्याचा आनंद व्हायचा. किती माणसं राहून गेली गं आपल्याकडे! नवऱ्याने घालवून दिलेल्या बाया, इस्पितळात कोणाला तरी ठेवलेले लोक, ते आंधळे मास्तर, ज्यांना तू वर्तमानपत्र वाचून दाखवायचीस आणि मधल्या नको त्या बातम्या गाळायचीस. पहिलं ताट पाहुण्याचं. कुठून आलात विचारायचं नाही, कधी जाणार विचारायचं नाही. दाराशी आलेला कोण असेल सांगता येत नाही, देवाने धाडलेला असेल, असं बाबा म्हणायचे. त्यांतली बहुतेक माणसं भली होती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. घर उघडं ठेवण्यात चूक होती असं मी आजही म्हणणार नाही.

आता ऐक. बंधुजी आले आहेत.

पत्र खाली ठेवलं असशील तर ठेव. पाणी पी. मग पुढे वाच.

दोन आठवडे होत आले, बुधवारी सकाळी ते दार लोटून आत आले. तुझ्या लहानपणी ते आपल्या पाहुण्यांच्या खोलीत राहून मंडळीतल्या मुलांना गाणी शिकवत, त्यामुळे आपलं दार लोटलं की उघडतं, हे त्यांना इतक्या वर्षांनीही पाठ होतं. केस पांढरेशुभ्र, हातात काठी, आवाज मात्र तसाच मधाळ. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होते, तिथेच चौकट धरून राहिले. पण बाबांनी त्यांना पाहिलं आणि बाबा हसले. अर्ध्या तोंडाने हसले, पण हसले. झटका आल्यापासून चौदा महिन्यांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. मग मी काय केलं असेल? चहा टाकला.

दोन दिवसांत त्यांनी घर हातात घेतलं. बाबांची आंघोळ, दाढी, औषधं, दुपारचं शास्त्रवाचन, सगळं तेच करतात. मी संध्याकाळी दुकानातून येते तो घर झाडलेलं, दिवे लागलेले, बाबा खिडकीशी बसवलेले. पाळकसाहेबांनी उपासनेत आपल्या घराचं उदाहरण दिलं, की पाहुणचाराचं फळ असं मिळतं. शेजारीण म्हणाली, नशीब काढलंत बाई. माझ्या मनात पाल चुकचुकत होती आणि मी तिला हाकलत होते. पाल हाकलण्यात माझा हात कोणी धरायचा नाही.

पहिल्याच चहाला त्यांनी तुझी चौकशी केली. मी म्हटलं, बरी आहे, लांब असते. पण बाबांना आनंद आवरेना, त्यांनी एकेक शब्द जुळवत सांगून टाकलं की चिऊ येणार आहे. किती वर्षांची झाली, असं बंधुजींनी विचारलं. मी उत्तर द्यायला उशीर केला. बाबांनी बोटं दाखवली, एक हात दोनदा आणि वर एक. ते म्हणाले, वा, छान वय आहे, या वयात मुलं सांगितलेलं ऐकतात. कप त्यांनी स्वतः विसळून पालथा घातला.

गेल्या गुरुवारी मी घरी आले तर तुझ्या खोलीला रंग देणं चाललं होतं. तुझी खोली मी कोणाला कधी वापरू दिली नव्हती, पाहुण्यांनाही नाही. मी म्हटलं, कशाला त्रास घेता. ते म्हणाले, लेकरू येणार म्हणजे खोली उजळ हवी. मग म्हणाले, हे कपाट जरा दारापासून लांब सरकवू आणि त्यासाठी त्यांनी खाली अंथरलेली सतरंजी उचलली.

ठकू, ती सतरंजी मी तिथे अंथरली होती, तू चौदा वर्षांची असताना. तिच्याखाली कोब्यावर चार ओरखडे आहेत, कपाटाच्या जागेपासून थेट दारापर्यंत, चांगले खोल. ते एका दिवसात पडलेले नाहीत. ते वजनदार कपाट एक पोर रोज संध्याकाळी ओढून दाराला लावत होती आणि रोज सकाळी परत जागेवर नेत होती. मी एकदा केर काढताना ते पाहिले. बराच वेळ केरसुणी हातात धरून उभी राहिले. मग बाजारात जाऊन सतरंजी घेऊन आले आणि तुला सांगितलं की खोलीला शोभते. तू सतरंजीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनाला सांगितलं.

गुरुवारी बंधुजींनी तेच ओरखडे पाहिले. ते काठीवर वाकले, चार रेघा नीट पाहिल्या, दारापर्यंत नजर नेली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घाबरून नाही, ओशाळूनही नाही. आपल्यातलं आपल्यात आहे ना, असं विचारणारी नजर होती ती. आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सतरंजी परत सरळ करून ठेवली, अगदी मी ठेवते तशी, कोपरे धरून. इतकी वर्षं त्या माणसाचं गुपित मी सांभाळलं होतं आणि त्याला ते ठाऊक होतं.

जेवताना म्हणाले, गाडी तीनला येते, तुम्ही दुकानात असणार, यांचे पाय असे, तर मीच जाईन चिऊला आणायला. लगेच ओळखेन मी तिला, आईवरच गेली असणार. मी वाढत होते. बाबा मान हलवत होते, बरं बरं म्हणून.

तुझ्या चौदाव्या वाढदिवसाची गोष्ट आपल्याकडे किती वेळा सांगितली गेली असेल! बाबांनी विचारलं, काय हवं आमच्या ठकूला? आणि तू म्हणालीस, माझ्या खोलीला आतून कडी. टेबलाभोवती दहाबारा माणसं होती, बंधुजीही होते. सगळे पोट धरून हसले. कुलपवाल्याच्या पोरीला वाढदिवसाला कडी हवी! बाबाही हसले, त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. मीही हसले. पुढे कितीतरी वर्षं कोणी आलं की मीच हा किस्सा सांगायचे, तुझ्यादेखत. तू उठून पाणी आणायला जायचीस. त्या वर्षी तू न्हाणीघरात गळा ताणून गायला लागलीस, एक क्षण न थांबता, खोकला आला तरी न थांबता. बंधुजी मंडळीतल्या मुलांना गाणी शिकवत होते, तेव्हा मला वाटलं पोरीला नाद लागला. आणि ज्या सकाळी ते निघून गेले, आम्ही सगळे गाडीपाशी रडत होतो आणि तू घरी राहून तुझी खोली धूत होतीस. भिंतींसकट. मी आल्यावर म्हटलं, काय हा पसारा.

आता जे लिहायचं त्याच्यासाठी मी हे सगळं लिहीत आले. तू मला सांगितलं होतंस. मला कळलं नव्हतं, लक्षात आलं नव्हतं, असलं काही नाही. वाढदिवसाच्या आधी पंधरा दिवस, संध्याकाळी, स्वयंपाकघरात. मी वाटाणे सोलत होते. तू दाराशी उभी राहून म्हणालीस, आई, बंधुजी माझ्या खोलीत येतात आणि दार लोटून घेतात, मला नाही आवडत. याच शब्दांत. मी मान वर केली नाही. मी म्हटलं, देवमाणूस आहे तो, प्रार्थना करायला येत असेल, पाहुण्याबद्दल असं बोलू नये. आणि मी शेंग सोलली. तू अजून थोडा वेळ उभी होतीस. मी आणखी चार शेंगा सोलल्या. मग तू गेलीस आणि सतराव्या वर्षी घरातूनच गेलीस. मी तेव्हा का नाही उठले? खूप कारणं शोधली मी. मंडळीत काय तोंड दाखवायचं, बाबांचं मन मोडेल, घराचं नाव जाईल. खरं कारण एवढंच की मान वर केली असती तर मला तुझं तोंड दिसलं असतं.

सतरंजीच्या प्रसंगानंतर मी बाबांना सगळं सांगितलं. बंधुजी पाळकसाहेबांकडे गेले होते, घरात आम्ही दोघंच. मी काही राखून ठेवलं नाही, माझे वाटाणेसुद्धा सांगितले. त्यांना समजलं की नाही हे मला आधी कळेना. ते दाराकडे बघत राहिले. दुपारचं जेवले नाहीत. चार वाजता बंधुजी वाटीत साबण फेसून दाढी करायला आले तर बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. बंधुजी हसून म्हणाले, आज रुसवा आहे वाटतं. बाबांच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, पण तसं ते हल्ली नेहमीच येतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून एक पितळी कडी, गिरमिट आणि पेचकस घरी नेला. भर सकाळी, सगळ्यांदेखत, तुझ्या खोलीच्या दाराला आतून कडी बसवायला घेतली. नव्या रंगाखालची जुनी भोकं टोचून शोधली, तिशी उलटून गेलेली लांबी कोरून काढली. बंधुजी मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, या घराला कडी? मी गिरमिट फिरवत राहिले. स्क्रू दोनदा खाली पडला. तेवढ्यात काहीतरी घासत येतंय असा आवाज झाला. बाबा भिंतीला धरून, पाय ओढत, एकटे चालत आले होते. गेले चौदा महिने ते आधाराशिवाय दोन पावलंही चाललेले नाहीत. त्यांनी कडी पाहिली, माझ्या तळहातावरचे स्क्रू पाहिले आणि म्हणाले, आखूड. मला वाटलं जीभ अडखळली. त्यांनी डाव्या हाताने स्क्रू खाली ढकलून दिले आणि पुन्हा म्हणाले, आखूड आहेत, धक्क्याने निघतील, लांब घाल. एवढं मोठं वाक्य ते त्या झटक्यानंतर बोललेले नाहीत. मी पळत दुकानात जाऊन दोन इंची स्क्रू आणले. येईपर्यंत ते त्या दारात उभे होते, बंधुजींकडे तोंड करून.

मग मी बंधुजींना सांगितलं, तुम्ही या घरातून निघायचं. घरात आलेल्या माणसाला जा म्हणायची ही माझी आयुष्यातली पहिली वेळ. त्यांचा आवाज चढला नाही. जशी तुमची इच्छा, म्हणाले, आणि सरळ पाळकसाहेबांकडे गेले. संध्याकाळी पाळकसाहेब आले. बाई, तुम्ही दमला आहात, म्हणाले, आजारी माणसाचं करून जीव आंबतो, आम्ही समजू शकतो. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यांनी प्रार्थनेला सुरुवात केली. प्रार्थनेच्या मध्ये कोणी बोलत नाही, ते मला जमलं नाही. जाताना त्यांनी सांगितलं की काळजी करू नका, बंधुजींची सोय झाली आहे. या येत्या रविवारच्या उपासनेत ते देवाने काय केलं त्याची साक्ष देतील आणि तिथूनच टेलरबाईंकडे जातील. टेलरबाई तुला आठवणार नाहीत, तू गेल्यावर आल्या. घडीघडीला देवाचं नाव घेणारी, हात उदार असलेली बाई आहे, नवरा बोटीवर असतो. दोन मुली आहेत, एक तेरा वर्षांची, एक दहाची. धाकटी माझ्याकडे सायकलच्या किल्ल्या करायला येते, तीन हरवल्यात तिने या वर्षात.

काल मी टेलरबाईंकडे गेले. त्या मशीनवर होत्या. मी त्यांना माझ्या घरातलं सांगितलं, तुझं नाव न घेता, आडून आडून. म्हटलं, तो माणूस घरात घेऊ नका, मुली आहेत तुमच्या. त्यांचा पाय मशीनवर चालू होता. त्या म्हणाल्या, देवमाणूस आहे हो तो, पाहुण्याबद्दल असं बोलू नये. ठकू, माझेच शब्द, जसेच्या तसे. आणि त्यांनी मान वर केली नाही, शिवण पुढे सरकत राहिली. दाराआड थोरली मुलगी उभी होती, तिने मात्र माझ्याकडे पाहिलं.

आता बंधुजी रविवारपर्यंत आपल्याच घरात आहेत, पाळकसाहेबांनी हात जोडून तेवढी मुदत मागून घेतली आणि मी एकटी त्यांना उचलून बाहेर टाकू शकत नाही. बाबांना मी घरी ठेवत नाही, रोज चाकांच्या खुर्चीत दुकानात आणते. आत्ता ते माझ्या शेजारी बसले आहेत, हातात जुन्या किल्ल्यांचा जुडगा. आणि आत्ताच, हे लिहिताना, बंधुजी काउंटरपाशी येऊन उभे राहिले. मी पानांवर किल्ल्यांचं तबक सरकवलं. ते काठीवर रेलून म्हणाले, लेकीला पत्र का? माझाही आशीर्वाद लिहा. म्हणावं, बंधुजी तुझी न्हाणीघरातली गाणी अजून विसरलेले नाहीत. मग ऊन फार आहे म्हणून सावली धरून निघून गेले. हे वाक्य तुला लिहावं की नाही यात माझा अर्धा तास गेला. लिहिलं, कारण तुझ्यासाठी काय झाकायचं हे ठरवायचा हक्क मी कधीच घालवून बसले आहे. बाबांनीही ऐकलं. त्यांच्या हातातला जुडगा कितीतरी वेळ वाजत होता.

चिऊला पाठवू नकोस, एवढंच सांगायचं असतं तर फोनवर एका दमात सांगून झालं असतं. आणि बंधुजी येऊन गेले हे लपवून, त्यांना वाटेला लावून, चिऊला पंधरा दिवस मांडीवर घेऊन बसताही आलं असतं मला. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पत्र लिहिलं ते तुला विचारण्यासाठी. रविवारी ते साक्ष द्यायला उभे राहतील तेव्हा मीही उभी राहणार आहे, प्रार्थना चालू असली तरी. कपाट, सतरंजी, कडीचा किस्सा, वाटाणे, हे माझं आहे, ते मी सांगणारच. म्हातारी चळली म्हणतील, म्हणू देत. त्या दोन पोरींच्या दाराशी रोज जाऊन बसावं लागलं तरी बसेन. पण लोक विचारतील, तुमची मुलगी नेमकं काय म्हणाली होती? ते वाक्य तुझं आहे. एकदा तू ते माझ्या हातात दिलंस आणि मी ते टाकून दिलं, आता तुझ्या परवानगीवाचून ते मी चारचौघांत नेणार नाही, पोलिसांकडेही नाही. तू हो म्हणालीस तर सांगेन, नाही म्हणालीस तर तुझं नाव माझ्या तोंडी येणार नाही आणि मी तुला का म्हणून विचारणार नाही. शनिवारी सकाळपासून मी दुकानातल्या फोनपाशी आहे. नुसतं हो किंवा नाही एवढं बोललीस तरी पुरे. आणि त्याहून जास्त काही सांगावंसं वाटलं, आज नाही तर कधीही, तर सांग. आपल्या घरात कोणाला काही विचारायचं नाही असा नियम होता आणि तो मी तुझ्या बाबतीतही पाळला. आता विचारते आहे, ठकू, काय झालं होतं? तू बोलशील तेव्हा यंत्र बंद असेल आणि हातातलं काम मी खाली ठेवलेलं असेल.

तुझीच,
आई